बिडाची लादी

१

मुकादम मेले ते भट्टीच्या पोटात, आणि तेही भट्टी विझून पंचवीसेक वर्षं झाल्यावर.

त्या सकाळी भट्टीचं संग्रहालय सुरू व्हायचं होतं. फीत बांधून झाली होती, खुर्च्या मांडून झाल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी या संग्रहालयाचा सगळा व्याप अंगावर घेतला होता. पाहुणे यायच्या आधी आत एक नजर टाकावी म्हणून ते आले, तर भट्टीच्या खालच्या दाराला बिडाची जाडजूड लादी टेकवलेली. लादी आदल्या दिवशी येणार हे त्यांना माहीत होतं. पण ती दाराशेजारी ठेवायची ठरली होती, दारावर नाही. चारपाच जणांनी पहारी लावून ती बाजूला केली. लोखंडी दार बाहेर ओढलं, तसे त्याला टेकून बसलेले मुकादम दाराबरोबर बाहेर कलंडले.

आत भिंतींची ओल जावी म्हणून कोळशाची मोठी शेगडी ठेवली होती. तिची राख झाली होती. वर भट्टीच्या तोंडावर कबुतरं येऊ नयेत म्हणून पत्रा ठोकला होता. कोंडलेल्या जागेत जळता कोळसा माणसाचं काय करतो हे त्या गावाला शिकवायची गरज नव्हती. कोळशाच्या गुंगीत माणूस झोपल्यासारखा जातो म्हणतात. मुकादम तसे गेले नव्हते. त्यांची नखं उखडली होती आणि दाराच्या आतल्या बाजूला काजळीत बोटांचे फराटे उठले होते.

गर्दीत त्यांचा पुतण्या होता. जड यंत्रं आणि दगड हलवण्याचा त्याचा धंदा. स्वतःची जुनी पिकअप गाडी आणि चेनपुली होती. बापाच्या मागे मुकादमांनीच त्याला वाढवलं होतं. तो तिथेच मातीत बसला आणि म्हणाला, "लादी मी ठेवली. काका आत आहेत हे मला ठाऊक नव्हतं." मग तेच वाक्य तो म्हणत राहिला. लोकांनी त्याला उठवून सावलीत नेलं, पाणी पाजलं.

फौजदारबाई आल्या तेव्हा त्यांचा गाल सुजलेला होता. दाढ ठणकत होती, बोलणं जिवावर येत होतं, आणि त्याचा फायदा असा झाला की समोरचे बोलत सुटले. सगळ्यांनी एकच सांगितलं. म्हातारा एकटाच आत शेगडी बघायला गेला असणार, पोराने बाहेरून लादी लावली, नशीब फुटकं. पोराला त्रास देऊ नका, तो आधीच मेल्यात जमा आहे.

बाईंनी प्रेताकडे बराच वेळ पाहिलं. मुकादमांचा डावा पाय घोट्यापाशी वाकडा होता. भट्टी चालू असताना वितळलेलं बीड सांडून भाजलेला.

"हे चालायचे कसे?" त्यांनी गालावर हात धरून विचारलं.

काठीने, असं कुणीतरी सांगितलं. काठीशिवाय त्यांचं पाऊल उचलायचं नाही. मास्तरांनी भर घातली की दार इतकं बुटकं आहे की ओणवं होऊनच आत शिरावं लागतं, म्हणून मुकादम काठी नेहमी बाहेर दाराला टेकवून जायचे.

"मग आता कुठंय?"

शोधाशोध झाली. काठी सापडली ती आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, भात्याच्या खोपीत, खुंटीला व्यवस्थित अडकवलेली.

२

ती काठी दाराशी असती तर पुतण्याने लादी ठेवलीच नसती. काठी दिसली म्हणजे काका आत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असणार. म्हणजे तो यायच्या आधी कुणीतरी काठी उचलली होती, आणि उचलणाऱ्याला मुकादम आत आहेत हे पक्कं माहीत होतं. बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही. मास्तरांच्या खोलीत जाऊन त्या उभ्यानेच म्हणाल्या, "भट्टीची सगळी हकीकत सांगा. सुरुवातीपासून."

मास्तरांना तेच हवं होतं. गावाच्या जागी आधी रान होतं, ते सांगू लागले. डोंगरात लोखंडाचा खडक सापडला, खाली झऱ्याला बारमाही पाणी होतं, आणि रान तोडून कोळसा पाडता येत होता. एका मालकाने भट्टी बांधली आणि तिच्याभोवती गाव उभं राहिलं. वरून टोपल्यांनी खडक आणि लाकडी कोळसा ओतायचा, खालून पाण्याच्या चाकावर चालणारा भाता वारा फुंकायचा, आणि बीड वितळून वाळूच्या साच्यात यायचं. भट्टीला सुट्टी नव्हती. एकदा आतलं बीड गोठलं की भट्टीचा दगड होतो, मग ती फोडून पुन्हा बांधावी लागते. शेवटी डोंगर बोडका झाला, कोळसा संपला आणि भट्टी थंड पडली. मास्तर त्यानंतर बदली होऊन गावात आले होते. भट्टी चालू असलेली त्यांनी पाहिली नव्हती.

आणि लादी? तीही हकीकत गावाला तोंडपाठ होती. मुकादमांचा थोरला भाऊ वरच्या तोंडाशी टोपल्या ओतायचा. एका दुपारी पाय घसरून तो आत पडला. हाती काहीच लागलं नाही. त्या दिवशी ओतलेल्या बिडाची एक लादी मालकाने त्याच्या बायकोला दिली, हेच तुझ्या नवऱ्याचं म्हणून. ती तेव्हा गरोदर होती. मुकादमांनी स्वतःचं लग्न केलं नाही. भावजय आणि पुतण्याला सांभाळलं, दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवले. ते तिला वहिनी म्हणायचे, म्हणून सगळं गाव वहिनी म्हणू लागलं. वहिनी रोज सकाळी ती लादी तेलाच्या फडक्याने पुसायच्या, गंज चढू द्यायच्या नाहीत. संग्रहालयासाठी लादी द्या म्हणून मास्तरांनी किती मिनतवाऱ्या केल्या, त्या नाहीच म्हणायच्या. आणि परवा अचानक हो म्हणाल्या.

बाईंनी मग विचारलं की मुकादमांशी तुमचं भांडण कशावरून झालं. मास्तर चपापले. भांडण साऱ्या गावाने ऐकलं होतं. मुकादमांना दारावरच्या फलकात आपलं नाव हवं होतं, भट्टी वाचवणारा म्हणून. मास्तरांनी विचारलं, कशापासून वाचवली? त्यावर मुकादम खवळले, उपरा माणूस तू, तुला काय कळणार, असं बरंच बोलले. पण त्यासाठी मी कुणाला कोंडून मारीन का, मास्तर कळवळून म्हणाले. त्याच संध्याकाळी आमची दिलजमाईही झाली. त्यांनी मला त्यांच्या आवाजात आठवण सांगितली, पाहुण्यांना ऐकवायला. हे बघा.

त्यांनी फोनवर ती लावली. म्हातारा आवाज, मध्येच दाटून येणारा.

"दादा तोंडाशी उभा होता. पाय निसटला. मला हाक मारली त्यानं. घरच्या नावानं. एकदा नाही, कितीदा तरी. ती हाक अजून माझ्या कानात आहे."

हे आणखी कुणी ऐकलं, असं बाईंनी विचारलं. परवा इथेच ऐकवलं, मास्तर म्हणाले. मुकादम स्वतः होते, भातेवाले आजोबा होते, वहिनी होत्या. वहिनींनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. साहजिकच आहे. आजोबा मात्र ठार बहिरे. ते नुसते बसून होते.

"भातेवाले म्हणजे ज्यांच्या खोपीत काठी सापडली ते?"

मास्तरांनी मान हलवली आणि हळूच सांगितलं की तो म्हातारा मुकादमांशी कित्येक वर्षं बोलत नव्हता. का, ते कुणी सांगत नाही.

३

भातेवाले आजोबा घरी खाटेवर बसले होते. हात मांडीवर, पंजे फावड्याएवढे. उभं आयुष्य भात्याजवळ गेल्यामुळे कान गेले होते, आणि कानामागोमाग बोलणंही सुटलं होतं. भट्टी बंद झाली तरी ते दिवसभर जुन्या खोपीत जाऊन बसायचे. काल दुपारी मात्र ताप होता, ते घराबाहेर पडलेच नाहीत, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. सून सासऱ्याच्या बाजूने बोलणारच, हे बाईंच्या चेहऱ्यावर तिला दिसलं असावं. ती म्हणाली, "डॉक्टर येऊन गेलेत दुपारी. त्यांना विचारा."

मग तिने दोघांमध्ये दुभाष्याचं काम केलं. हातांच्या खुणा भराभर चालल्या होत्या. बाईंनी कौतुकाने विचारलं की या कुठे शिकलीस. सून हसली. इथल्या जुन्या माणसांना सगळ्यांना येतात, ती म्हणाली. भाता सुरू असला की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी कळायचं नाही म्हणे. त्याचा आवाज पार बाजारापर्यंत जायचा. डबे घेऊन येणाऱ्या बायकासुद्धा हातांनीच बोलायच्या. नवराबायकोची भांडणंही हातांनीच व्हायची.

फौजदारबाईंचा गालावरचा हात खाली आला.

भाता चालू असताना भट्टीच्या तोंडावरून मारलेली हाक खाली कुणाला ऐकू गेली असती का, त्यांनी विचारलं. सुनेने खुणेने विचारलं. म्हाताऱ्याने मान हलवली, नाही. मग बाई सावकाश म्हणाल्या, "मग मुकादमांना कशी ऐकू आली? सासऱ्यांना विचार, तो भाऊ पडला तेव्हा भाता चालू होता का?"

सुनेचे हात अर्ध्यावर थांबले. तिने सासऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने प्रश्न बाईंच्या ओठांवरूनच वाचला होता. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई हलल्या नाहीत. शेवटी त्याने उजवा पंजा आडवा धरला. थांब. तो तसाच धरून ठेवला, हात थरथरायला लागेपर्यंत. मग मूठ वळून ती पुढेमागे केली. चालू कर. आणि मुकादमांच्या घराच्या दिशेने हनुवटी उडवली.

पुढचं सुनेने सांगितलं, खाली मान घालून. तीही हे पहिल्यांदाच पूर्ण ऐकत होती.

थोरला भाऊ पडला तेव्हा मुकादमांनी लगेच भाता थांबवला होता. वारा थांबला की वरचा जाळ बसतो. थोरला कोळशात मांड्यांपर्यंत रुतून उभा होता, भाजला होता, पण जिवंत होता आणि हाका मारत होता. एकजण दोरावरून उतरला, तो धुराने बेशुद्ध झाला, त्याला ओढून काढलं. त्यानंतर कुणी उतरेना. तोंड फोडून, कोळसा उपसून काढता आलं असतं, पण तितक्यात खालचं बीड गोठलं असतं. मालक आले. भट्टी गेली तर मी नवी बांधणार नाही, गावाने आपापलं बघावं, असं त्यांनी सांगितलं. मग मुकादमांकडे वळून म्हणाले, तुझा भाऊ आहे, तूच ठरव.

मुकादमांनी मूठ हलवली. आजोबांनी भाता सोडला. त्यानंतर ते मुकादमांशी कधी बोलले नाहीत.

"गावात हे कुणाकुणाला माहीत होतं?"

सुनेने विचारलं, उत्तर पाहिलं, आणि म्हणाली, "वहिनी सोडून सगळ्यांना."

४

वहिनींच्या स्वयंपाकघराचं दार मागच्या अंगणात उघडत होतं. अंगणात जिथे लादी असायची तिथे जमिनीवर फिकट चौकोन राहिला होता. पुतण्या उंबऱ्यात बसला होता. वहिनी चुलीपाशी मटार सोलत होत्या. घरात मढं झालं असताना स्वयंपाक कशाला, असं शेजारणींनी म्हटलं होतं, पण त्या ऐकत नव्हत्या.

बाईंनी आधी मुलाला विचारलं. काल दुपारी काय झालं, जसंच्या तसं. तो यांत्रिकपणे सांगत गेला. आई काकांचा डबा घेऊन पुढे गेली. मी मागून लादी गाडीत चढवून निघालो. पोचलो तेव्हा आई दाराला पाठ लावून बसली होती. चालून दमली असेल असं वाटलं. काका कुठायत म्हटलं तर जेवून गेले, रात्री मास्तरांकडे जेवणार म्हणाली. लादी कुठे ठेवू, तर म्हणाली इथेच, दारापुढे, चौथरा झाला की गवंडी हलवतील. मी लादी चेनपुलीने उचलून दारासमोर आणली तेव्हाच ती उठली.

"चेनपुली हाताने ओढायची ना?"

"हो."

"मग गाडीचं इंजिन का चालू होतं? भट्टीबाहेरचा चहावाला सांगतो, गाडी होती तेवढा वेळ घरघर चालली होती. एरवी तू उतारावरही इंजिन बंद करतोस म्हणतो."

"आई म्हणाली, बंद करू नकोस, मग पुन्हा चालू..."

त्याने आईकडे पाहिलं नाही. स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला.

बाई वहिनींकडे वळल्या. जे सांगायचं ते त्यांनी सरळ सांगितलं. काठी हलवणाऱ्याला मुकादम मरायला हवे होते. मुकादमांनी आपल्याच आवाजात कबुली दिली होती, त्यांना स्वतःला कळलं नाही तरी. भावाची हाक ऐकू आली म्हणजे भाता बंद होता, आणि भाता बंद होता म्हणजे माणूस वाचवता आला असता. मास्तरांनी ते ऐकलं, पण त्यांनी भाता कधी ऐकलाच नव्हता. आजोबांना ऐकू आलं नाही, आणि त्यांना आधीपासून माहीत होतं. गावातल्या जुन्या माणसांना सूड घ्यायचा असता तर केव्हाच घेतला असता. ज्याला ठाऊक नव्हतं, पण ऐकताक्षणी उमगेल, असं त्या खोलीत एकच माणूस होतं. रोज डबा घेऊन त्या आवाजात जाणारं.

वहिनींनी नाही म्हटलं नाही. हातातली शेंग सोलून झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "तीनदा ऐकलं मी. आपलं काही चुकत तर नाही ना, म्हणून."

त्यांनी सगळं शांतपणे सांगितलं. त्या पोचल्या तेव्हा काठी दाराशी होती, आतून खोकल्याचा आवाज येत होता. आधीपासून काही ठरवलं नव्हतं. लादी नजरेसमोर नको झाली होती, म्हणून द्यायला निघाल्या होत्या, इतकंच. पण काठी पाहिली आणि दार लोटलं. काठी भात्याच्या खोपीत नेऊन ठेवली. भाता सोडणारा हात तिथलाच होता, त्यालाही थोडा घाम फुटू दे म्हणून. परत येऊन दाराला पाठ लावून बसल्या. म्हाताऱ्यात जोर नव्हता, कोळशाने उरलासुरलाही गेला होता.

"दार लोटून बसलात, तेवढ्याने काम झालं असतं," बाई म्हणाल्या. "मुलाला कशाला त्यात ओढलंत?"

"हिशेब त्याच्या बापाचा होता," वहिनी म्हणाल्या. "मी परकी. लग्न करून आलेली."

उंबऱ्यातला मुलगा उठून उभा राहिला. त्याचा आवाज फार हळू होता. त्याने आईला नाही, बाईंना विचारलं, "काका ओरडले असतील का?"

बाईंनी त्या दाराची आतली बाजू पाहिली होती. तरी त्या नाही म्हणणार होत्या. त्यांनी तोंड उघडलंही. पण वहिनी आधी बोलल्या.

"माझा माणूस काही न बोलता गेला, असं मला सगळ्यांनी सांगितलं. जन्मभर सांगितलं. मी तुला तसं सांगणार नाही. तुझा काका आधी वहिनी, वहिनी करत होता. तुझी गाडी आली, ती ओळखली त्यानं. मग तुलाच हाका मारत होता. लहानपणी मारायचा ना, तशा. तू गेल्यावरही मी तिथंच बसून होते. शेवटपर्यंत तुझंच नाव होतं."

मुलगा ऐकत होता. भिंतीला हात टेकवून त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सवयीने, रोज संध्याकाळी घरी आल्यावर विचारायचा तसं, तो म्हणाला, "तू जेवलीस का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

त्याने पातेल्यावरचं झाकण उचललं, आत पाहिलं, पुन्हा ठेवलं, आणि अनवाणीच बाहेर निघून गेला.

खटला उभा राहिला तेव्हा गावाने वहिनींसाठी चांगला वकील दिला. जुन्या दिवसाबद्दल साक्ष द्यायला मात्र एकही माणूस पुढे आला नाही. भातेवाले आजोबा तोवर गेले होते आणि त्यांच्या सुनेला काही आठवत नव्हतं. वकिलाने मुलाला समजावलं होतं की इंजिनाचं बोलू नकोस, ते सोडून दिलंस तर आई सुटेल. तो साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. आरोपी तुमची कोण, हा पहिलाच प्रश्न होता. उत्तराला इतका वेळ लागला की लिहून घेणाऱ्या न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं.

"आई," तो म्हणाला, आणि मग काहीही न वगळता सगळं सांगितलं.